समुद्र सांगणारा

विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर सकाळी धावणाऱ्या मंडळींना भांडायला एकच विषय पुरतो, तो म्हणजे कुठली वाट चांगली. कोणी म्हणतं, काली मंदिरापासूनचा सपाट रस्ता धरावा, सकाळी गाड्यांना बंद असतो, डोळे मिटून धावा. दुसरा म्हणतो, त्यात काय मर्दुमकी, ऋषिकोंड्याचा चढ घेऊन बघ म्हणजे कळेल. यराड्याच्या डोंगराचं कौतुक करणारा एक असतोच आणि भीमिलीच्या लाल मातीच्या टेकड्यांमध्ये एकदा धावून आलेला तर दुसऱ्या कुणाला बोलूच देत नाही. इडल्या संपेपर्यंत हे असंच चालतं. पैडिराजू मात्र या भानगडीत कधी पडत नसे. तो बंदरात क्रेन चालवायचा. दिवसभर उंचावर एकटा बसायची सवय झाली होती आणि दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा उच्चारायचा नाही, असा त्याचा खाक्या होता.

माघ संपत आलेला. त्या रविवारी तो नेहमीसारखा स्कूटर घेऊन कूर्मारावांना आणायला गेला.

कूर्माराव आंधळे होते. सगळा जन्म पोंदूरला मागावर गेला, खादी विणता विणता नजर उतरत गेली आणि एक दिवस संपलीच. मग त्यांची मुलगी सुवर्चला, जी इथे बँकेत होती, ती त्यांना शहरात घेऊन आली. धावणाऱ्या टोळीत सगळे त्यांना बाबाय म्हणत, म्हणजे काका. गंमत अशी की या माणसानं समुद्र कधी पाहिलाच नव्हता. डोळे होते तोवर समुद्र लांब होता, आणि आता रोज सकाळी खारं वारं तोंडावर घेत त्याच्या काठानं धावायचं, पण बघायचं काय, कपाळ? हे ते स्वतःच हसत हसत सांगत.

धावायचं कसं, तर दोरीनं. हातभर लांबीची एक दोरी त्यांनी आपल्याच हातानं सुताची वळली होती, दोन्ही टोकांना फासे. एक फासा त्यांच्या हातात, एक पैडिराजूच्या. दोरी डावीकडे ओढली की डावीकडे, दोनदा हिसका दिला की पुढे चढ. आणि दोरी सैल पडली, तर जिथे असाल तिथे खांबासारखं उभं राहायचं, हा पहिला नियम. टोळीतले लोक पैडिराजूला चिडवत, बायकोला जे जमलं नाही ते बाबायनी करून दाखवलं, तुला दावणीला बांधलं. तोही हसायचा. दोन वर्षं हे चाललं होतं आणि दोघांचं छान जमलं होतं, फक्त एक गोष्ट सोडून.

बाबाय धावता धावता विचारायचे, "काय दिसतं रे?"

"पाणी."

"कसलं पाणी?"

"समुद्राचं."

यावर सगळी टोळी फिदीफिदी हसायची. बाबायही हसायचे, पण पुढच्या रविवारी पुन्हा तेच विचारायचे.

आता सुवर्चलाची हैदराबादला बदली झाली होती. मंगळवारी सामानाची गाडी निघणार होती. हैदराबादला समुद्र कुठला! म्हणजे हा शेवटचा रविवार. बाबायनी आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं की त्या दिवशी तोटलकोंड्याच्या डोंगरावर धावत जायचं, तिथून म्हणे अख्खा किनारा दिसतो, आणि वर पोचल्यावर पैडिराजूनं त्यांना समुद्र सांगायचा. नीट, सगळा. दारात सुवर्चलाही वडिलांबद्दल हळूच म्हणाली, नान्नांना आज निराश करू नका हो, त्यांनी या रविवारसाठी दिवस मोजलेत.

पैडिराजूनं शब्द दिला होता. सांगायला हरकत नाही, त्यानं तयारीही केली होती. चार दिवस क्रेनच्या खोलीत बसून तो पाण्याकडे बघत होता आणि शब्द जुळवत होता. निळं, हिरवं, मोठं, खूप मोठं... इथे गाडी अडायची. ज्या पाण्यावर आज्या-पणज्यांनी पोट भरलं त्याच्याबद्दल आपल्याला चार वाक्यं बोलता येऊ नयेत, याची त्याला जरा लाजच वाटली.

ऋषिकोंडा मागे पडला तसं धुकं लागलं. या दिवसांत समुद्रावरून धुकं चढतं, त्यात नवल नाही, पण त्या दिवशीचं दाट होतं. दिवस उजाडलेला, तरी सूर्य कुठे आहे ते कळेना. तोटलकोंड्याच्या पायथ्याशी मच्छीमारांची एक लहान वस्ती आहे आणि रस्त्याकडेला पोलम्मा नावाची म्हातारी नाचणीची आंबील विकत बसते. तिच्याजवळ स्कूटर लावून दोघांनी हातापायांना ताण दिला. खाली वाळूवर धुकं अजून थोडं विरळ होतं. पैडिराजूनं विचार केला, वर काही दिसेल न दिसेल, इथूनच सुरुवात करावी.

तो घसा खाकरून म्हणाला, "बाबाय, समोर वाळू आहे. ओली आहे. काळपट. त्यावर लाट येते, तिला पांढरी कड आहे..."

बाबायनी श्वास रोखला. चेहरा असा झाला की बघवेना. आणि नेमकं तेवढ्यात धुक्याचा लोट आला आणि लाट, वाळू, समोरची होडी सगळं पुसून टाकलं. पैडिराजूची तोंडातली वाक्यं तोंडातच राहिली.

"जाऊ दे बाबाय. आता काहीच दिसत नाही. वर बघू."

पोलम्मा डाव हातात धरून थांबली होती. ती म्हणाली, "सांगायला लागलास ना? मग मध्ये सोडू नकोस. आमच्यात सोडत नाहीत."

"दिसत नाही ते काय सांगू, अम्मा?" असं म्हणून त्यानं फासा हातात अडकवला आणि दोघं चढाला लागले.

रस्ता वळणं घेत वर जातो. एका बाजूला झुडपं, दुसऱ्या बाजूला कठडा, कुठे कुठे कठडाही नाही. पहिल्या वळणानंतर खालचं सगळं गेलं. लाटेचा आवाज आधी बारीक झाला, मग थांबलाच. पांढरं, नुसतं पांढरं. काळोखात माणूस निदान हात पुढे करून चाचपडतो, या पांढऱ्यात तेही सुचत नव्हतं, कारण सगळं उजळ होतं आणि तरी काही नव्हतं. ओल्या पाल्याचा वास येत होता आणि त्यात मधूनच सुकत घातलेल्या मासळीचा, जो इतक्या वर यायला नको होता. बाबायना याचं काही नव्हतं. त्यांच्यासाठी रस्ता रोजच्यासारखाच होता. ते मजेत धावत होते, उजवा पाय जरा घासत, त्यांच्या नेहमीच्या चालीत.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर पैडिराजूचा पाय गटाराच्या कडेत गेला आणि तो आडवा झाला. गुडघा दगडावर असा आपटला की डोळ्यांसमोर काजवे चमकले. फासा हातातून निसटला. त्या वेदनेतही त्याला पहिला विचार आला तो दोरीचा. सैल पडली, म्हणजे बाबाय उभे राहिले असणार, दोन हातांवर, हलणार नाहीत.

"थांबा बाबाय. मी पडलो."

पण बाबाय थांबले नव्हते. घासत जाणारा तो उजवा पाय त्याला ऐकू येत होता, वर, पुढे, एका लयीत. आणि त्याच्या शेजारी आणखी पावलं वाजत होती.

अनवाणी. ओले तळवे डांबरावर पडताना जसा चपचप आवाज होतो, तसा. बाबायच्या पावलाला पाऊल जुळवून.

पैडिराजूच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो कोपरावर टेकून ऐकू लागला. वर कोणीतरी बोलत होतं. शब्द कळत नव्हते, नुसती गुणगुण, शांत, न थांबणारी, आजारी लेकराच्या उशाशी बसून कोणी बोलतं तशी. मध्येच बाबाय हसले. मग त्यांचा आवाज स्पष्ट आला.

"हो का...? मग पुढे?"

पुन्हा गुणगुण. पावलं वळणापलीकडे गेली.

पैडिराजू कसाबसा उठला. गटाराच्या मोरीवर बसून त्यानं गुडघा दाबून धरला आणि मग जिवाच्या आकांतानं ओरडला, बाबाय, थांबा, कोण आहे तुमच्याबरोबर. धुक्यानं हाक गिळून टाकली. पुढे कठडा नसलेली वळणं होती. एक आंधळा म्हातारा, परवा मुलीबरोबर हैदराबादला जायचा, त्याची दोरी कुणाच्या हातात होती कोण जाणे. सिंहाद्री अप्पन्ना, सांभाळ रे त्यांना, माझं काय व्हायचं ते होऊ दे, असं पुटपुटत तो लंगडत चढू लागला. प्रत्येक वळणावर तो कडेला जाऊन खाली वाकून बघायचा आणि खाली पांढऱ्याशिवाय काही नसायचं. किती वेळ चढला, त्यालाही सांगता आलं नसतं.

वर जुन्या बौद्ध विहाराचे अवशेष आहेत. तिथल्या दगडी पायरीवर बाबाय बसलेले होते. एकटे. तोंड समुद्राच्या दिशेला, दोरी मांडीवर, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. पैडिराजूनं धावत जाऊन त्यांचे खांदे धरले, हात चाचपले, कुठे खरचटलंय का बघितलं. काही झालं नव्हतं. मग तो तिथेच खाली बसला.

"आलास? मला बसवून कुठे गेला होतास रे?" बाबायनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता त्याचे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले. "पैडी बाबू, तुझे उपकार मी या जन्मात विसरणार नाही. आज मी समुद्र पाहिला."

पैडिराजूनं विचारलं, "काय... काय सांगितलं मी?"

"आता परीक्षा घेतोस होय माझी?" बाबाय हसले आणि सांगू लागले. काठाजवळ पाणी मातकट, मग हिरवं, आणि मग एक रेघ, जणू कोणी सुताडा ताणून आखलीय, तिच्यापलीकडे एकदम गडद निळं. दूर तीन जहाजं नांगर टाकून उभी, त्यातल्या एकाचं पोट लाल. ठिगळं लावलेल्या शिडाची एक होडी. लाट किनाऱ्यावर येते ती एकदम येत नाही, डावीकडून फुटायला लागते आणि फुटत फुटत उजवीकडे जाते, मागावर धोटा जातो तशी. हे ऐकलं तेव्हा मला कळलं बाबू, ते म्हणाले, हे तर माझ्या ओळखीचं आहे.

पैडिराजूनं समोर बघितलं. धुकं तसंच होतं. दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं, जहाजं कुठली.

"आणि खालच्या वळणावर," बाबाय म्हणाले, "मोरीवर एक माणूस गुडघा धरून बसलाय, हाका मारतोय, असंही तू म्हणालास. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, कोण रे तो, थांबू या का? तर तू म्हणालास, येईल मागून. त्यानंही अजून पाहिलेला नाही."

मग पैडिराजूनं, जमेल तितक्या सहज, विचारलं, "आवाज कसा होता हो माझा? धाप लागली होती का?"

"तुझाच तर आवाज. मला आवाज ओळखता येत नाहीत की काय?" बाबाय जरा विचारात पडले. "फक्त घाई नव्हती त्यात."

दोरीचं दुसरं टोक पैडिराजूनं उचललं. धुक्यात दोरी दमट होणारच, पण तो फासा चिंब होता, पिळला असता तर पाणी गळलं असतं, आणि त्याला मासळीचा वास येत होता. त्याच वेळी वारा सुटला आणि धुकं बघता बघता उठलं. खाली अख्खा किनारा उघडा पडला. मातकट, मग हिरवं, मग ती रेघ. तीन जहाजं. एकाचं पोट लाल. ठिगळाच्या शिडाची होडी, आणि डावीकडून उजवीकडे फुटत जाणारी लाट. पैडिराजू चाळीस वर्षं या पाण्याकडे बघत आला होता आणि खरं सांगायचं तर त्यानं ते त्या सकाळी पहिल्यांदा पाहिलं. भीती कुठे गेली नव्हती. पण तिच्या शेजारी दुसरंही काही होतं. बाबायचा जीव वाचला, आणि त्यांना हवं होतं ते मिळालं. ज्यानं कोणी दिलं त्याचे पाय धरावेत असं त्याला मनापासून वाटलं. रडला नाही तो, पण नाक मात्र चोंदलं.

बाबायना त्यानं काही सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार होता, आणि का?

उतरल्यावर त्यांना आंबिलीचा पेला हातात देऊन बाकावर बसवलं आणि पैडिराजू पोलम्माच्या जवळ गेला. तिनं त्याचा गुडघा बघितला, चेहरा बघितला, आणि तिला काय ते उमगलं. हळू आवाजात तिनं सांगितलं, की आमच्या वस्तीत म्हाताऱ्या कोळ्याचे डोळे गेले की त्याला वाळूवर आणून बसवतात आणि घरातलं कोणीतरी त्याला रोज समुद्र सांगतं. पाण्याचा रंग काय, होड्या कुणाच्या गेल्या, वारा कसा आहे. एकदा सुरू केलं की ऐकणारा पुरे म्हणेपर्यंत सांगायचं. मध्ये सोडलं तर दुसरं कोणी उचलतं.

"दुसरं कोण?"

"ते विचारू नये. ज्यांचं ऐकायचं अर्धवट राहिलं, ते सांगतात म्हणे." तिनं बाकाकडे नजर टाकली. बाबाय आंबील पीत स्वतःशीच हसत होते. "त्यांनी पुरे म्हटलं का?"

पैडिराजूनं मान हलवली. नाही.

"वाईट करत नाहीत ते कुणाचं," पोलम्मा म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

मंगळवारी सामानाची गाडी भरायला पैडिराजू गेला होता. सुवर्चलानं त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. नान्ना परवापासून वेगळेच झालेत, जेवण सुधारलंय, झोप सुधारलीय, तुम्ही काय जादू केलीत हो, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिचे डोळे भरून आले होते. पैडिराजू भाताकडे बघत राहिला. निघताना बाबायनी त्याला पोटाशी धरलं.

पुढच्या आठवड्यात वारं फिरलं. किनाऱ्यावर टोळी जमली होती, धावून झालं होतं आणि यराडा की भीमिली हे भांडण अगदी रंगात आलं होतं. पैडिराजू जरा बाजूला, समुद्राच्या कठड्यावर बसला होता. हल्ली तो बसायचा असा, पाण्याकडे बघत. फोन वाजला. हैदराबादहून बाबाय.

तब्येत कशी, गुडघा कसा, सगळं विचारून झालं. मग ते म्हणाले, "बाबू, एवढी तसदी कशाला घेतोस रे रोज?"

"कसली तसदी?"

"रोज सकाळी गच्चीवर फेऱ्या मारतो मी. दोरी हातात घेतली की तू आलासच. सुवर्चला म्हणते, नान्ना एकटेच बोलतात. तिला काय कळतंय!" ते खुशीत हसले. "आज फार खवळलाय ना? दोन होड्या सुटल्या होत्या, पण दोन्ही माघारी वळल्या म्हणालास. बरं झालं. पोरं घरी जातील."

पैडिराजूनं समोर बघितलं. समुद्र खवळलेला होता. फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे दोन होड्या होत्या. एकीनं तोंड किनाऱ्याकडे केलं होतं. दुसरी तशीच नाक वर करून आत, आत चालली होती.

"एकच वळलीय बाबाय," तो म्हणाला. "दुसरी जातेय अजून."

"नाही रे. दोन्ही म्हणालास तू."

तो बघत होता. दुसरी होडी एका लाटेवर चढली, क्षणभर अडली, आणि मग सावकाश, अगदी सावकाश, तिचं तोंड किनाऱ्याकडे फिरलं. मागे टोळीत कोणीतरी आणखी चार इडल्या मागवल्या.

"वळली ना?" बाबायनी मायेनं विचारलं. "पुढचंही सांगितलंयस तू मला. तुझ्याबद्दलचं आहे. ऐकायचंय का?"

सांगणं थांबवणारा तो 'पुरे' शब्द पैडिराजूच्या अगदी ओठांवर आला होता. त्याला त्या पायरीवरचा बाबायचा चेहरा आठवला. त्यानं फोन कानाशी घट्ट धरला, पाण्यावरची नजर हलवली नाही, आणि म्हणाला, "सांगा."